इलेक्ट्रिक गाडी मागे आपटते? स्प्रिंगला हात लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: पावणेतीन वर्षांची इलेक्ट्रिक कॉम्पॅक्ट एसयूव्ही, ४२ हजार किलोमीटर चाललेली. खानापूर-बेळगाव रोजची ये-जा, अधूनमधून अथणीकडे पाहुण्यांकडे फेरी. मागच्या सीटवर आई-वडील बसतात आणि प्रत्येक हंपवर त्यांच्या कंबरेला हिसका बसतो. एका गॅरेजवाल्याने याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीच्या मऊ स्प्रिंगा टाकायला सांगितले, दुसऱ्याने स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर बसवायला, तिसऱ्याने एअर सस्पेन्शन (स्प्रिंगेऐवजी हवेच्या पिशव्या). यातले काय करावे?

तिन्हीही नको. मऊ स्प्रिंगेने इलेक्ट्रिक गाडी मऊ होत नाही, उलट जास्त आपटते. ऐकायला उफराटे वाटते, म्हणून आधी हिशेब मांडतो.

मागच्या एका चाकावर स्प्रिंगेने पेललेले वजन इलेक्ट्रिक गाडीत ३५० किलो आणि पेट्रोल गाडीत ३०० किलो धरू. आरामदायी गाडीची वरखाली होण्याची नैसर्गिक गती सेकंदाला १ ते १.५ वेळा असते, आपण १.३ घेऊ. त्या गतीसाठी चाकापाशी मोजलेला कडकपणा इलेक्ट्रिकला साधारण २३ न्यूटन प्रति मिलिमीटर आणि पेट्रोलला २० लागतो. आता २० ची स्प्रिंग ३५० किलोखाली ठेवली, तर गाडी उभ्या जागी सुमारे २५ मिमी खाली बसते. त्यात मागे दोन माणसे बसली, म्हणजे प्रत्येक चाकावर साधारण ६५ किलो वाढले, की आणखी ३२ मिमी. चाकाला वर यायला समजा ८० मिमी जागा होती, तर त्यातली ५७ मिमी गाडी उभी असतानाच संपली. उरली २३. मूळ स्प्रिंगेवर तेवढेच प्रवासी बसले तर ५३ मिमी उरते. प्रत्येक मॉडेलचे आकडे वेगळे येतील, पण घोळ हाच.

ही उरलेली जागा संपली की चाक जंपिंग रबरावर आदळते. गॅरेजमध्ये ज्याला जंपिंग रबर म्हणतात तो बंप स्टॉप म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर चढवलेला पॉलियुरेथेनचा फुगीर तुकडा. थोडा दबला तर तो मऊ असतो, पूर्ण दबला की जवळजवळ दगड. आई-वडिलांना जाणवणारा हिसका बहुतेक वेळा याच रबराचा असतो, स्प्रिंगेचा नव्हे. शिवाय गाडी खाली बसली की बॅटरीचे खोकेही जमिनीजवळ येते. पेट्रोल गाडीत हंपला पोट घासले तर ओरखड्यावर निभावते. इथे त्या पोटात गाडीतली सगळ्यात महाग वस्तू आहे, आणि बाहेरून मार लागलेल्या पॅकवर वॉरंटी मिळत नाही.

रबरी बफरचे तर सरळच आहे. तो ज्या वेढ्यांत अडकतो ते वेढे कामातून बाद होतात, काम करणारे वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. गाडी थोडी वर उचलली जाते, हंपला पोट लागत नाही, आणि मालकाला वाटते काम झाले. आधीच कुणी बसवले असतील तर काढून टाका. तुमच्या तक्रारीचा निम्मा भाग कदाचित तिथेच मिटेल. एअर सस्पेन्शनला कॉम्प्रेसर, टाकी, नळ्या, व्हॉल्व आणि १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर वाढीव भार लागतो. वर मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आहेच: कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर नेमके तेच बघतो. झिजलेला भाग काढून त्याच तपशिलाचा नवा बसवण्यात ही अडचण येत नाही.

मग करायचे काय? आधी धक्का कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. आपल्या भागात हे सोपे आहे, कारण रस्तेच दोन जातींचे आहेत. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस धो धो. डांबराच्या कडा तुटतात आणि खड्ड्याला धारदार काठ येतो. तिथे चाकाला क्षणात मार बसतो. तो टायर, बुश (सांध्यांतले रबर) आणि शॉकअपच्या माउंटिंगने पचवायचा असतो, स्प्रिंगेला हलायलाही वेळ मिळत नाही. पूर्वेला चिक्कोडी, रायबाग, अथणीकडे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वरचा रस्ता लांब लाटांचा होतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्या त्यात चाकोऱ्या पाडतात. तिथे गाडी डुलते, एका लाटेवरून उतरताना दुसरीवर बसते. हा शॉकअपचा प्रांत. म्हणून खानापूर रस्त्यावर कडकड आणि अथणी रस्त्यावर झोके, अशा दोन्ही तक्रारी असतील तर दोन वेगळी कारणे शोधावी लागतील. फक्त हंपवर शेवटी एकच जोरदार ठोका बसत असेल, तर जंपिंग रबर.

पहिली पायरी टायरमधली हवा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना रेंजची हाव असते, आणि पंपावरचा पोरगा विचारत नाही, चाळीस भरून मोकळा होतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असते. त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे, पुढचे आणि मागचे आकडे वेगळे दिलेले असतात. तेच पाळा. हवा सकाळी, गाडी दोन किलोमीटरही चालली नसताना मोजा. टायरचे तापमान १० अंशांनी वाढले की दाब दीड ते दोन पीएसआयने वाढतो, म्हणजे दुपारी महामार्गावरून येऊन मोजलेला आकडा निरुपयोगी. स्वतःचा डिजिटल गेज ठेवा. स्टिकरपेक्षा ४-५ पीएसआय जास्त हवा असलेल्या टायरवर नवे शॉकअप बसवणे म्हणजे पैसे पाण्यात. आणि आरामासाठी स्टिकरच्या खालीही जाऊ नका: जड गाडीत कमी हवेचा टायर तापतो आणि धारदार खड्ड्यात टायरची भिंत रिम आणि काठाच्या मध्ये चिमटून फुटते.

त्यानंतर टायरचा आकार. वरच्या व्हेरिएंटला दिसायला छान म्हणून १७ इंची अलॉय दिलेले असतात. २१५/५५ आर१७ टायरच्या भिंतीची उंची सुमारे ११८ मिमी. २१५/६० आर१६ ची १२९ मिमी. बाहेरचा व्यास ६६८ आणि ६६४ मिमी, म्हणजे फरक एका टक्क्याहूनही कमी. स्पीडोमीटर आणि एबीएसला त्रास नाही. पण धक्का खाणारे रबर ११ मिमी जास्त मिळते आणि चाकही बहुधा हलके होते. धारदार खड्ड्यांसाठी यासारखा फरक दुसरा कुठलाच बदल देत नाही. अटी दोन. त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटला कंपनीनेच तो आकार दिलेला असावा (ब्रेक कॅलिपर १६ इंची रिमच्या आत मावतो का, याचे उत्तर तिथेच मिळते), आणि टायरवरचा भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९० किलो. दुकानदार 'सेमच हाय' म्हणाला तरी आकडा वाचून घ्या.

काळ्या मातीच्या भागातून आल्यावर ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर सस्पेन्शनला दोष देण्याआधी रिमची आतली बाजू बघा. चिखलाचा गोळा तिथे बसतो, वाळून घट्ट होतो आणि चाकाचा तोल घालवतो. पाण्याचा फवारा मारला की अर्धे गिऱ्हाईक गॅरेजच्या दारातून परत जाईल.

आता गाडीखाली जाऊ. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे डिझेल गाडीत कधी ऐकू न आलेली खडखड इथे स्पष्ट येते, आणि मालकाला वाटते मोठे काही मोडले. बहुतेक वेळा लिंक रॉड असतो, म्हणजे वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या दांड्याला जोडणारी छोटी कांडी. चाके जमिनीवर असतानाच तो हाताने धरून जोरात हलवा; टकटक आली तर जोडी बदला. लोअर आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या हाताचा) मागचा बुश बॅटरीच्या टॉर्चने बघा. रबरावर वरवरच्या बारीक रेषा चालतात, रबर धातूपासून सुटले असेल तर गेला. स्टिअरिंग उभ्या गाडीत पूर्ण फिरवताना स्प्रिंग टणकन उडी मारल्यासारखा आवाज आला, तर स्ट्रटच्या (पुढच्या शॉकअप-स्प्रिंगच्या एकत्र जोडणीच्या) वरच्या माउंटिंगचे बेअरिंग. खानापूरकडचा तांबडा चिखल त्यात पावसाळाभर जात असतो.

शॉकअपची परीक्षा बोनेट दाबून सोडण्याने होत नाही. त्याने पार मेलेला शॉकअप तेवढा सापडतो. दांड्यावरचा धूळ अडवणारा रबरी बूट वर सरकवून दांडा आणि नळी बघा. तेलाचा पातळ, धूळ चिकटलेला थर असेल तर ठीक. नळी अर्ध्यापर्यंत ओली असेल तर बदला. टायरवरून तळहात फिरवा: रबराला उंच-सखल लाटा लागत असतील तर शॉकअपने चाक जमिनीवर धरून ठेवणे सोडले आहे. बूट फाटलेला दिसला तर पुढचे अंदाजाने सांगता येते. फाटक्या बुटातून वाळू दांड्यावर जाते, दांड्यावर ओरखडे पडतात, ओरखड्याने तेलाचे सील कापले जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शॉकअप रिकामा. बूट आणि जंपिंग रबर या दोन स्वस्त वस्तू आहेत, आणि दोन-तीन पावसाळ्यांत जंपिंग रबराचा भुगा होऊन बुटाच्या तळाशी साचलेला सर्रास सापडतो. तुमच्या गाडीचे वर्णन वाचून माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. काही जण आराम मिळावा म्हणून या रबराचा एक वेढा कापून टाकतात. चाकाला सेंटिमीटरभर जागा जास्त मिळते खरी, पण तेवढीच बॅटरीच्या बुडाखालून गेली.

शॉकअप बदलायचेच ठरले तर चारही बदला. नाइलाज असेल तर निदान एका ॲक्सलची जोडी. पार्ट मागवताना मॉडेलचे नाव सांगून थांबू नका, चेसिस नंबर द्या. इलेक्ट्रिक आणि पेट्रोल गाडीचा शॉकअप बाहेरून हुबेहूब असू शकतो, आतले व्हॉल्व वेगळे असतात. पेट्रोलचा बसवला तर अथणी रस्त्यावरचे झोके वाढतील. मूळ शॉकअपपेक्षा चांगले हवे असतील तर पिस्टनच्या हालचालीच्या वेगानुसार किंवा वारंवारितेनुसार विरोध बदलणारे शॉकअप मिळतात. कोनीचे एफएसडी तंत्र त्यातले जुने आणि नावाजलेले. बारीक खडबडीला ते सैल राहतात, मोठ्या लाटेला घट्ट धरतात. पण तुमच्या नेमक्या इलेक्ट्रिक मॉडेलसाठी यादीत पार्ट नंबर असेल तरच घ्या, 'बसतो' एवढ्या भरवशावर नको. कॉइलओव्हर किट गाडी खाली करून वळणावर घट्ट करण्यासाठी असते. आई-वडिलांच्या कंबरेशी त्याचा संबंध नाही. पॉलियुरेथेनचे बुश 'अपग्रेड' म्हणून खपवले जातात. ते टिकतात, पण रबरापेक्षा कडक असतात आणि रस्त्याची प्रत्येक खडी सीटपर्यंत पोचवतात. रबराचेच घ्या.

बेळगावात उद्यमबागेच्या आसपास हायड्रॉलिक प्रेस आणि लेथची वाण नाही, त्यामुळे बुश काढण्या-बसवण्याचे काम नीट होऊ शकते. कामावर मात्र स्वतः उभे राहा. मागच्या बीमच्या (दोन्ही मागची चाके जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) बुशात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या ठरावीक दिशेलाच याव्या लागतात. जुना काढण्याआधी बीमवर खडूने किंवा पेंटने दिशेची खूण करून घ्या. उलटा बसवलेला नवा बुश जुन्याहून कडक लागतो. स्प्रिंग गॅसने तापवून 'बसवून देतो' किंवा एक वेढा कापतो म्हणणाऱ्याकडून गाडी तशीच बाहेर काढा. तापवलेल्या पोलादाचा ताव उतरतो, ती स्प्रिंग पुढे बसत जाते किंवा मोडते.

प्रत्यक्ष काम करताना, तुम्ही करा किंवा मिस्त्री करो, काही गोष्टी इलेक्ट्रिक गाडीच्या म्हणून वेगळ्या. गाडी बंद, चावी खिशात नको, लांब ठेवा, म्हणजे चुकून रेडी मोडमध्ये जाणार नाही. लिफ्टचे हात किंवा जॅक फक्त दाराखालच्या पट्टीवर खुणा केलेल्या जागी, रबरी पॅड ठेवून. बॅटरीच्या खोक्याला जॅक लावायचा नाही, लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवूनही नाही. नारिंगी, म्हणजे उच्च दाबाची केबल दिसली की तिथून हात आणि पाना दोन्ही दूर. खाली कुठेही वेल्डिंग करू द्यायचे नाही.

पुढचा स्ट्रट काढताना एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज आधी क्लिपमधून सोडवा. नकलचे (चाकाचा हब धरणाऱ्या भागाचे) बोल्ट काढल्यावर चाकाची बाजू बाहेर कलंडू देऊ नका, तारेने बांधून ठेवा, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो. बोल्टच्या भोवती आधीच खूण केलेली असेल तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) जवळपास जागेवर येतो. माथ्यावरचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून सैल झाल्याशिवाय फिरवायचाच नाही. दबलेल्या स्प्रिंगेची ताकद हाड मोडण्याइतकी असते, आणि ही चूक दुसऱ्यांदा करायला माणूस उरेलच असे नाही. कॉम्प्रेसरचे दोन हूक समोरासमोर, दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळत. नवा स्ट्रट जोडताना स्प्रिंगेचे टोक खालच्या वाटीतल्या खाचेला टेकले पाहिजे. दांड्याचा नट इम्पॅक्ट गनने आवळू नका. दांडा आत गरगर फिरतो आणि सील पहिल्याच दिवशी दुखावते. सेल्फ लॉकिंग नट नवेच वापरा, घट्टपणा मॅन्युअलमधल्या टॉर्कने.

मागे ट्विस्ट बीम असेल, तर दोन्ही शॉकअप एकदम सोडू नका. बीमखाली जॅकचा आधार देऊन एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी, नाहीतर बीम लोंबकळून स्प्रिंग सटकते आणि ब्रेकच्या होजला ताण बसतो.

सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट बुशच्या बोल्टची. लोअर आर्म, बीम आणि शॉकअपच्या खालच्या टोकाचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना शेवटचे आवळले, तर बुशचे रबर त्या लोंबकळत्या स्थितीत पक्के होते. गाडी खाली उतरली की ते कायम पिळलेले राहते: गाडी कडक लागते आणि वर्षभरात बुश फाटतो. हे बोल्ट आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे ढकलून बसू द्या, मग टॉर्क द्या. गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर उभी करून किंवा चारही चाकांखाली रॅम्प देऊन हे जमते. 'नवे शॉकअप टाकूनही गाडी कडकच' या तक्रारीत हे कारण नेहमी सापडते आणि मिस्त्री ते क्वचित कबूल करतो.

नंतर व्हील अलाइनमेंट, आधीचा आणि नंतरचा असा दोन्ही कागद मागून घेऊन. ट्विस्ट बीममध्ये मागचा टो (चाकाचे तोंड किती आत-बाहेर वळले आहे ते) किंवा कॅम्बर जुळवता येत नाही. मागचा आकडा मर्यादेबाहेर असेल तर बीम वाकला आहे, आणि मशीनवाल्याने 'ॲडजस्ट केले' म्हटले तर त्याने फक्त पुढचे फिरवले. स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणून घ्या. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीत त्याच्या कॅलिब्रेशनचेही विचारा.

फरक पडला की नाही हे अंदाजाने ठरवू नका. फायफॉक्स हे मोफत ॲप फोनच्या प्रवेगमापकाची नोंद घेते. फोन मागच्या दाराच्या आतल्या उंबरपट्टीवर दुहेरी टेपने घट्ट चिकटवा, ओळखीचा एखादा किलोमीटर निवडा, ४० च्या स्थिर वेगाने, तेवढ्याच हवेवर, तेवढ्याच माणसांसकट, प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर. उभ्या दिशेचे झटके कमी झाले का ते आलेखात दिसते. नवीन पार्टवर पैसे घालवले की मनाला गाडी मऊच वाटते.

चालवण्यातही थोडे आहे. रीजनरेशन (पाय उचलताच मोटरने गाडीचा वेग कमी करून बॅटरी भरणे) वरच्या पातळीवर असेल तर पेडल सोडताच गाडीचे नाक दबते, आणि नेमक्या त्या दबलेल्या अवस्थेत पुढचे चाक हंपवर चढते. वेग हंपच्या आधीच कमी करा आणि चढताना पेडलवर हलका पाय ठेवा, म्हणजे पुढची स्प्रिंग मोकळी असते. खानापूर रस्त्यावर गावांतून जाताना रीजन सगळ्यात कमी ठेवा. वंटमुरी किंवा तवंदी घाट उतरताना वाढवा.

आणि शॉकअप येईपर्यंत आई किंवा वडील, ज्यांची कंबर जास्त दुखते त्यांना पुढे बसवा. मागची सीट जवळजवळ ॲक्सलच्या डोक्यावर असते. पुढची सीट दोन्ही ॲक्सलच्या मध्ये येते, तिथे तोच खड्डा बराच सौम्य लागतो.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात हवा आणि बफर, मग लिंक रॉड, बुश, जंपिंग रबर आणि बूट, मग टायर घ्यायची वेळ आली की १६ इंची रिम, आणि त्यानंतरही झोके उरले तर शॉकअप. बूट-रबराचे काम जूनच्या आत उरकून घ्या. शॉकअप बदलल्यास हजार किलोमीटरनंतर सगळ्या बोल्टांचा टॉर्क आणि पुढचा टो एकदा पुन्हा तपासून घ्या.